कॉलरवरच्या दोन खाचा

"मेंढरू इकावं, खूण इकू न्हाय." माझे वडील कै. बब्रुवान देवकते भूमच्या बाजारात एका व्यापाऱ्याला असं म्हणाले होते. मी त्यांचं धोतर धरून शेजारी उभी होते. आमच्या कळपातल्या प्रत्येक मेंढराच्या डाव्या कानाला मागून दोन खाचा असत. ती आमच्या घराची खूण. मेंढरू विकत घेणाऱ्यानं ती खूण आपल्या कळपाला घालायची नाही, असा धनगरांत रिवाज आहे.

मी, अयोध्या बब्रुवान देवकते, वय सेहेचाळीस, अविवाहित, धंदा लोकरी कपडे शिवण्याचा, राहणार नळदुर्ग, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कुणाच्याही दबावाखाली नसताना लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात सोलापूरला माझं ऑपरेशन आहे. डॉक्टर घाबरू नका म्हणतात. मी घाबरलेली नाही, संतापलेली आहे. मला नवरा नाही, मूल नाही, आईवडील गेले. काही न लिहिता मी गेले तर कायद्यानं माझं सगळं माझा धाकटा भाऊ कृष्णराज याला मिळेल. एक कंपनी त्याच्यामुळं माझ्या हातून गेली. दुसरी त्याच्याकडं जाऊ नये, म्हणून हा कागद.

पहिली कंपनी आम्ही दोघांनी मिळून काढली होती. उसाच्या फडात, माळावर, डोंगरात घालायचे कोट, दख्खनी मेंढीच्या लोकरीचे. लोकर इथल्या धनगरांकडून योग्य भावानं घ्यायची आणि कोट फाटला तर जन्मभर फुकट शिवून द्यायचा, हा आमचा शब्द. कॉलरला डावीकडं दोन खाचा. पुढं कृष्णराजनं पुण्याचे भागीदार आणले. त्यांच्या करारात 'बोधचिन्हासह' असा शब्द होता, म्हणजे खाचांच्या खुणेसकट सगळं कंपनीचं. मी तो वाचला आणि तरी सही केली, कारण खूण विकली जात नाही हे मला लहानपणापासून पक्कं माहीत होतं. कायद्याला ते माहीत नव्हतं.

मग भागीदार म्हणाले, इथली लोकर बंद करा, दुरुस्ती बंद करा, पॉलिएस्टर आणा. मी नाही म्हणाले. मला काढायचा ठराव आला, तेव्हा वर गेलेल्या हातांत कृष्णराजचा हात होता. त्याच्या अंगठ्याचं नख दुभंगलेलं आहे. पहिला कोट शिवताना मशीनची सुई त्यातून गेली होती. टेबलाच्या पलीकडून मला ते नख दिसत होतं. बाहेर आल्यावर म्हणाला, "आक्का, मनाला लावून घेऊ नको. धंदा आहे."

धंदाच होता तो, कृष्णा. म्हणूनच मनाला लावून घेतला.

आता त्यांच्या पॉलिएस्टरच्या खोक्यावर माझ्या बापाचा फोटो छापतात. खांद्यावर घोंगडं, शेजारी मेंढरं. त्या खोक्यातल्या कपड्यात लोकरीचा एक धागा नसतो.

सबब माझ्या पश्चात व्यवस्था अशी.

नळदुर्गला हायवेलगतचा कारखाना, म्हणजे मला काढल्यावर मी दुसरी कंपनी जिथं सुरू केली आणि पुढं विकत घेतलं ते जुनं टायरचं दुकान, त्यातल्या सगळ्या मशिनी आणि लोकर, हे सगळं तिथं काम करणाऱ्या बायकांच्या संस्थेला द्यावं. प्रमुख हरणाबाई शेंडगे. पहिल्या कंपनीनं भूमचं शिवणकाम बंद केलं, तेव्हा हरणाबाई आपली मशीन टेम्पोत टाकून माझ्या दारात आल्या. मी म्हणाले, "पगाराला पैसे नाहीत."

"मागितला का म्या? मशीन कुठं ठिवू तेवढं दावा."

इथला पहिला कोट झाल्यावर त्यांनी कॉलर माझ्यापुढं धरली. "खूण?"

"घालता येत नाही."

"बिनखुणंचं मेंढरू चोरीचं म्हंत्यात, बाई."

"मग आपण चोर."

"चोर तिकडं एशीत बसल्यात. आपल्याला नुस्तं उकडतंय."

मला हसू आलं आणि रागाच्या भरात मी कात्री घेऊन दोन खाचा पाडल्या. काही कोट तसेच विकले. वकिलाची नोटीस आली: आमचं चिन्ह वापरू नका. कंपनीतर्फे सही, कृष्णराज बब्रुवान देवकते. बापाचं नाव सहीत घालून बापाची खूण मला मना केली. तेव्हापासून आमच्या कॉलरी कोऱ्या आहेत.

कारखाना घेणाऱ्यांवर अट एकच. शब्द पाळायचा. दोन खाचांचा कोट कुणीही आणला तरी फुकट शिवून द्यायचा, तो शब्द मी दिला होता. ढोकीकडचे ऊसतोडीचे लोक अजून घेऊन येतात. उद्या कुणी पहिल्या कंपनीचं पॉलिएस्टरचं आणलं तरी परत पाठवू नका. घालणाऱ्याचा काय गुन्हा? बँकेतली माझी शिल्लक या दुरुस्तीच्या कामासाठीच ठेवावी.

भूमच्या घरातला माझा अर्धा हिस्सा बाजाराला येणाऱ्या धनगरांना मुक्कामासाठी द्यावा. अंगणात मेंढरं बसतील, घाण होईल, वास येईल. उरलेला अर्धा कृष्णराजचा आहे. त्याला हे अजिबात आवडणार नाही, याची मला पूर्ण कल्पना आहे.

कृष्णराजला माझ्या मालमत्तेतलं काही देऊ नये. फक्त कपाटातला आम्हा दोघांचा पहिला कोट द्यावा. उजव्या बाहीची शिवण वाकडी आहे, ती त्याची. आतून रक्ताचा डाग आहे, तोही त्याचाच. मी तो कधी धुतला नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. दीपाली सलगर यांनी करावी.

हे मी स्वतःच्या हातानं लिहिलं, वाचलं, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

(सही) अयोध्या बब्रुवान देवकते

साक्षीदार:
(सही) गौरीशंकर स्वामी, धाबाचालक, नळदुर्ग
(सही) डॉ. अर्पिता हणमंतप्पा पाटील, नळदुर्ग

नळदुर्ग, जि. धाराशिव
१२ जानेवारी २०२६

कृष्णा, सहीच्या खाली लिहिलेलं मृत्युपत्रात धरत नाहीत, असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणूनच हे इथं लिहिते. तुला हुकूम करता येत नाही, मागता येतं. खूण या बायकांच्या नावावर करून दे. आणि एकदा नळदुर्गला ये. तयार कोटांतला एक उचल आणि त्याच्या कॉलरला दोन खाचा तुझ्या हातानं पाड. आबा मेंढरांच्या कानाला पाडायचे तशा, डावीकडं, मागून. कात्री हरणाबाई देतील. तू नाही म्हणशील, मला माहीत आहे. तरी ये.