वरच्या खोलीचं भाडं

नाना,

काल तुमची निळी फाईल उघडली. तुम्हाला जाऊन बारा-तेरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी त्या फाईलला हात लावला नव्हता. वेळ मिळाला नाही असं म्हणाले तर तुम्ही भुवया वर कराल, म्हणून खरं सांगते, धीर झाला नाही. तुमच्या अक्षरातलं वाणसामानाचं एखादं चिठोरं सापडलं तरी माझा अख्खा दिवस फुकट जातो. पण काल कामच तसं निघालं. जुलैचा रविवार, ओटीवर माणसं, आणि तुमच्या त्याच लाकडी पेटीवर आता माझा लॅपटॉप. हो, लोकांचे इन्कम टॅक्सचे फॉर्म भरून द्यायचं तुमचं काम मी चालवतेय. ऑफिस सांभाळून, फक्त जुलैत, फक्त रविवारी, आणि तुमच्यासारखंच फुकट. लोक मात्र तुमच्या वेळेपेक्षा जास्त भांडतात, कारण त्यांनी आधी सगळं मोबाईलवर बघितलेलं असतं.

प्रश्न तेच आहेत, नाना. मुलांची शाळेची फी धरतात का, दोन मुलांची की तिघांची, ट्यूशनची का नाही, विम्याचा हप्ता बायकोच्या नावावर असला तर चालतो का. नवीन एवढंच की आता कर मोजायच्या दोन पद्धती आहेत, जुनी आणि नवी, आणि जो तो येऊन विचारतो, ‘ताई, माझ्या फायद्याची कुठली?’ तुम्ही असतात तर खुशीत दोन्हीकडची बेरीज मांडून दाखवली असतीत. मला आठवतं, वहीच्या मधोमध रेघ मारून तुम्ही डावीकडे उत्पन्न लिहायचात आणि उजवीकडे वजावट, आणि समोरच्याने वजावट सांगितली की मान वर न करता विचारायचात, ‘कागद आहे का?’ कागद नसेल तर उजवीकडची जागा कोरी राहायची, मग तो माणूस तुमचा सख्खा भाऊ का असेना. काकांनी त्यावरून एक दिवाळी तोंड फिरवून काढली होती.

कोळीवाड्यातली ती मावशी आठवते का, जिने होडी विकून पैसे बँकेत ठेवले होते? व्याजातून कर कापला म्हणून ती तावातावाने ओटीवर आली. ‘मास्तर, माजं पैसं कापलं त्यांनी! म्या काय गुन्हा केला?’ तुम्ही तिला पाणी दिलंत, बसवलंत आणि सांगितलंत की तुझं उत्पन्नच एवढं नाही, फॉर्म भरू, कापलेलं परत येईल. आलंही. मग ती सुके बोंबील घेऊन आली आणि तुम्ही ते परत केलेत, आणि आई आठवडाभर तुमच्याशी धड बोलली नाही. किंवा पलीकडच्या मोहल्ल्यातल्या चाची, त्यांचा मुलगा कुवेतला होता. दर वर्षी त्यांचा एकच सवाल, ‘मास्तर, पोरगा पैसं धाडतो त्यावर टॅक्स लागंल का हो?’ दर वर्षी तुमचं एकच उत्तर, ‘मुलाने आईला दिलं त्यावर कोणी काही मागत नाही, चाची. बँकेत ठेवून व्याज आलं, तर ते व्याज मात्र दाखवायचं.’ चाची म्हणायच्या, ‘अल्ला तुमचं भलं करो,’ आणि पुढच्या जुलैत पुन्हा हजर. मला वाटतं, त्यांना उत्तर माहीत होतं. मुलाबद्दल बोलायला कोणीतरी हवं असायचं.

आणि तो वाडीवाला! पर्यटकांसाठी नारळ-सुपारीच्या वाडीत त्याने चार खोल्या बांधल्या होत्या आणि खोल्यांचे पैसे तो वाडीच्या उत्पन्नात धरायचा. त्याला त्यात काही चूक वाटतच नव्हती. ‘मास्तर, वाडीचं उत्पन्न माफ हाय ना? मंग खोल्या कुठं हायेत? वाडीतच हायेत की!’ तुम्ही हसलात. मोठ्याने हसताना तुम्हाला मी फार कमी वेळा पाहिलंय. म्हणालात, ‘नारळ पाडलेस तर ती शेती. पंखा लावून माणसं झोपवलीस तर तो धंदा.’ आता इथे दर तिसऱ्या वाडीत खोल्या आहेत आणि तुमचं हे वाक्य मी दर जुलैत निदान पाच जणांना ऐकवते. तुमचं म्हणून नाही, माझं म्हणून.

काल मात्र वेगळंच झालं. म्हसळ्याकडे नोकरी करणारा एक तरुण शिक्षक आला. राहतो इथेच, आईच्या घरात. त्याला जुनी पद्धत घेऊन घरभाड्याची सवलत हवी होती. मी विचारलं, ‘आईला भाडं देतोस?’ तो म्हणाला, ‘घरात पैसे देतोच की, ताई. भाजी, लाईट बिल सगळं माझंच.’ मी म्हटलं, ते भाडं नव्हे. मग त्याने पिशवीतून पावत्या काढल्या. बारा महिन्यांच्या बारा, एकाच पेनाने, एका बैठकीत लिहिलेल्या, खाली आईची सही. ‘आईने केली?’ मी विचारलं. तो हसून म्हणाला, ‘आईचा हात थरथरतो. मीच करतो. ती कुठे नाही म्हणतेय?’

तुम्हाला आठवतंय ना, नाना, आगरदांड्याची फेरीबोट? दिघीच्या शाळेतल्या शिक्षकांचे फॉर्म भरायला तुम्ही निघाला होतात आणि मी सोबत आले होते. माझी नोकरी नवी होती. ऑफिसात सगळे म्हणत होते, वडिलांच्या घरात राहतेस, पावत्या लाव, फेब्रुवारीचा पगार कापला जाणार नाही. बोटीत बाकावर बसल्यावर मी तुमच्यापुढे पावतीपुस्तक धरलं. तुम्ही ते हातात घेतलंत, उघडलंत, आणि म्हणालात, ‘भाडं दे आणि पावती घे. कायद्यात बसतं ते. वरची खोली तू वापरतेस, महिन्याच्या महिन्याला चेक दे, मी ते माझ्या उत्पन्नात दाखवीन.’ मी म्हटलं, घरातल्या घरात चेक कसले? तुम्ही म्हणालात, ‘मग घरातल्या घरात पावती कसली?’ शेजारी बसलेली दोन माणसं हसली आणि मी दिघी येईपर्यंत पाण्याकडे बघत राहिले. तुम्ही रागावला नव्हतात, तेच जास्त लागलं. पण पहिल्याच नोकरीचा पगार होता हो. तो तुमच्या हातात देऊन, तुम्ही कर भरून, मग उरलेला मला साड्या-पुस्तकांतून परत करणार, हे सगळं मला नको होतं. मला तो पगार माझा हवा होता.

त्या पावत्या मी लिहिल्या. वरच्या खोलीत, दार लावून. तुमची सही मला शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून पाठ होती. ऑफिसचे हेडक्लार्क सगळ्यांचे कागद हिशोबासाठी तुमच्याकडेच घेऊन यायचे, म्हणून मी माझे वेगळ्या पाकिटात दिले आणि बजावलं की हे नानांकडे नेऊ नका. ते ‘बरं’ म्हणाले. तीन वर्षं मी हे केलं.

पहिल्या वर्षी फेब्रुवारीचा पगार पुरा हातात आला, त्यातून मी घरात मिक्सर आणला. आईला केवढा आनंद झाला होता. तुम्ही विचारलंत, ‘कुठल्या पैशांचा?’ मी म्हटलं, पगाराचा. ‘फेब्रुवारीच्या?’ तुम्ही एवढंच विचारलंत. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मिक्सरमध्ये खोबऱ्याची चटणी केली आणि तुम्ही ती घेतली नाहीत. पाट्यावरची चव येत नाही म्हणालात. आई म्हणाली, मी आता पाट्यावर वाटणार नाही, माझे खांदे गेले. तेव्हा तुम्ही, ज्यांनी जन्मात स्वतःचा चहा केला नव्हता, उठलात, मागच्या पडवीत पाटा-वरवंटा घेऊन बसलात आणि स्वतःची चटणी स्वतः वाटलीत. खोबरं इकडे-तिकडे उडालं, मिरची डोळ्यात गेली. आम्ही दोघी पोट धरून हसलो. आणि मग ते रोजचंच झालं. घरात दोन चटण्या, एक आमची आणि एक तुमची. येणाऱ्या-जाणाऱ्याला आई सांगायची, ‘ह्यांना म्हातारपणी चळ लागलाय.’ मलाही तसंच वाटायचं.

तर त्या शिक्षकाला मी तुमचंच वाक्य ऐकवलं, भाडं दे आणि पावती घे. तो म्हणाला, ‘पण मग आईच्या फॉर्मात ते कुठे दाखवायचं? दाखवतात तरी का असं कोणी?’ तुम्ही पूर्वी कोणाकोणाचे असे हिशोब मांडून ठेवायचात, म्हणून नमुना दाखवायला मी फाईल काढली. वर तुमचेच कागद होते. पेन्शन, बँकेचं व्याज, वाडीचं उत्पन्न नेहमीसारखं वेगळं लिहिलेलं. आणि त्याच्याखाली, तुमच्या त्या सरळ, गणिताच्या मास्तरांच्या अक्षरात, ‘वरची खोली, भाडे, बारा महिने.’ आकडा माझ्या पावत्यांवरचा. रुपयाचाही फरक नाही. कायद्याने मिळते ती तीस टक्के वजावट घेतलीत, ती मात्र सोडली नाहीत, ते बघून मला रडता रडता हसू आलं. खाली बँकेत कर भरल्याचं चलन टाचलेलं. जे भाडं तुम्हाला कधी मिळालंच नाही, त्यावर तुम्ही पेन्शनमधून कर भरला होतात. आणि समासात एकच शब्द, ‘येणे.’ पुढच्या वर्षीच्या कागदावर पुन्हा तेच, ‘मागील येणे अधिक यंदाचे.’ तिसऱ्या वर्षीही.

म्हणजे हेडक्लार्कनी माझं पाकीट सगळ्यांबरोबर एकाच दोऱ्यात बांधून तुमच्यापुढे ठेवलं होतं. तुम्ही तुमची सही बघितली होतीत, जी तुम्ही केली नव्हतीत. आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत. रागावायला हवं होतंत, नाना. एकदा तरी. मी माडीवरून खाली यायचे, तुम्ही पाट्यावर वाकलेले असायचात, आणि मी म्हणायचे, ‘काय मास्तर, आज मीठ बरोबर पडलंय ना?’ तुम्ही म्हणायचात, ‘बघ की चाखून.’ तीन वर्षं तुम्ही मला ती चटणी चाखायला दिलीत.

त्या मुलाला मी एवढंच म्हटलं की हे बघ, घरमालक असं दाखवतो. त्याने कागद नीट वाचला. म्हणाला, ‘एवढी भानगड असेल तर नवी पद्धतच बरी, ताई. तिथे ही सवलतच नाही.’ आणि पावत्या माझ्यासमोर फाडून खिशात टाकल्या. मी त्याला चांगलं केलंस म्हणाले. त्या भाड्याची गोष्ट मात्र मी त्याला सांगितली नाही. ओटी रिकामी झाल्यावर मी फाईल पुन्हा उघडली आणि चौथ्या वर्षाचा, म्हणजे तुमच्या शेवटच्या वर्षाचा कागद काढला.

त्या वर्षी तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑफिसात कॉम्प्युटर आला होता, हेडक्लार्क तुमच्याकडे येईनासे झाले होते. जुलैत तुम्हीच मला बसवलंत आणि म्हणालात, बाय, तुझे आकडे वाच, मी बेरीज करतो. मी वाचत गेले. घरभाड्याच्या रकान्यापाशी तुम्ही थांबवलंत. ‘इथे?’ मी म्हटलं, ‘काही नाही.’ ‘का गो?’ तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, ‘नको वाटलं.’ तुम्ही त्या रकान्यावरून एकदा बोट फिरवलंत, मग पुढचा आकडा विचारलात. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पडवीत गेला नाहीत. स्वयंपाकघरात पाटावर बसलात आणि आईला म्हणालात, ‘आज त्या यंत्रातली चटणी वाढ बघू.’ दोनदा मागून घेतलीत. आई म्हणाली, हात थकले वाटतं. मीही तेच समजले. थंडीत तुम्ही गेलात.

त्या वर्षीच्या कागदावर तीनही वर्षांच्या ‘येणे’ची बेरीज आहे. तिच्यावर आडवी रेघ आहे, आणि खाली न दिसणाऱ्या डोळ्यांनी लिहिलेली मोठी, वाकडी अक्षरं. ‘मिळाले.’

हे पत्र त्या कागदाच्या मागे लावून फाईल कपाटात ठेवणार आहे, दुसरं कुठे पाठवणार? जुने फॉर्म दुरुस्त करायची मुदत कधीच संपली. आई आत झोपलीय, तिला यातलं काही सांगितलेलं नाही. पण तुम्ही समाधानाने रेघ मारलीत, म्हणून तुम्हाला तरी सांगायला हवं. नको वाटलं, असं मी म्हणाले ते खरं नव्हतं, नाना. त्या वर्षी ऑफिसने पावतीबरोबर घरमालकाचा पॅन नंबर मागितला होता. तुमच्याकडे तो मागायची माझी हिंमत झाली नाही, एवढंच.