तूप फेटायचं मशीन

बाबा, गेल्या आठवड्यात मी स्टँड मिक्सर घेतला. तुम्हाला हे सांगायचं तसं काही कारण नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की वारंगा फाट्यावर आपल्या बेकरीच्या जागी आता टायरचं दुकान आहे, आणि तिथे कधी भट्टी होती हे नव्या माणसांना माहीतही नाही. मी हिंगोलीत राहते, घरी केक आणि नानकटाईच्या ऑर्डरी घेते. आई माझ्याकडेच असते. हातात धरून चालवायचा जुना बीटर घट्ट मिश्रणात तापायचा, एक दिवस त्यातून धूर निघाला, म्हणून मोठं मशीन बघायला निघाले. आई म्हणाली, "मी बी येते." ती सहसा कुठे येत नाही. उजव्या हाताने तिला रिक्षाची दांडी धरता येत नाही, म्हणून तिला आतल्या बाजूला बसवलं.

दुकानदाराने दोन मिक्सर समोर मांडले. "ताई, नुसतं केकचं क्रीम करायचं आसंल तर हा लहान पुरे. पण तूप-साखर फेटायची, कणीक मळायची, तर हा ओट्यावर नाचून राहील. हा जड घ्या, जागचा हलत न्हाई." त्याने जड मशीन चालू करून दाखवलं. रिकाम्या भांड्यात फेटणी स्वतःभोवती आणि कडेकडेने फिरू लागली. आई खुर्चीवरून उठून जवळ आली आणि त्या भांड्यात बघत राहिली.

दिवाळीआधीचे दिवस तुम्हाला आठवत असतील. आसपासच्या गावांतल्या बाया आपापला मैदा, तूप, साखर डब्यांत घेऊन येतात, नंबर लावतात आणि नानकटाई भाजून होईपर्यंत बेकरीसमोर बसून राहतात, कारण आपल्या तुपाची नानकटाई आपल्याच डब्यात आली पाहिजे. तुम्ही भट्टीपाशी नाहीतर गल्ल्यावर, आई आत परातीसमोर. प्रत्येकीचं तूप वेगळं फेटायचं, तळहाताने, पांढरं आणि हलकं होईपर्यंत. मग तुम्ही येता आणि त्यातलं बोटभर वाटीतल्या पाण्यात सोडता. तरंगलं तर काही न बोलता निघून जाता. बुडालं तर वाटीतलं पाणी तिच्या पायांवर ओतता आणि बाहेर बायांना ऐकू जाईल असं म्हणता, "बसून बसून हात सडला हिचा. फेट परत." ते पाणी मी पुसायची.

एका वर्षी तिचं मनगट सुजून टम्म झालं होतं. नांदेडहून एक माणूस फेटायचं मशीन विकायला आला होता. आईने मशीन मागितलंसुद्धा नाही, पदराखाली हात झाकून एवढंच म्हणाली, "अहो, बघा की त्यांची मशीन." तुम्ही त्या माणसाला चहा पाजलात, आईच्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "ही हाय की माझी मशीन. लाईट लागत न्हाई, तेल लागत न्हाई. बंद पडली तर एक चापट मारली की चालू." तो हसला. बायाही हसल्या. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "आरं, हात तर बघ तिचा." तुम्ही विचारलंत, "तुमचा डबा परत नेता का आज्जी?" त्या दिवसापासून फाट्यावर आईचं तेच नाव पडलं. चहावालासुद्धा ओरडायचा, "मशीनला पाठवा, कपं घेऊन जाय म्हणा." दिवाळी झाल्यावर तुम्ही तिला दवाखान्यात नेलंत. डॉक्टरांनी हाताला आराम द्यायला सांगितला. घरी येताना जीपमध्ये तुम्ही म्हणालात, "डावा हाय की." तिची उजवी बोटं आजही पूर्ण मिटत नाहीत.

मी जड मिक्सर नक्की केला तेव्हा दुकानदार आईला म्हणाला, "मावशी, एक ध्यानात ठेवा. सलग लई येळ चालवायची न्हाई. धा मिनिटं झाली की बंद करायची, गार होऊ द्यायची. न्हाईतर मोटर जळते."

"काम अर्धं राहिलं तरी बंद करायची?" आईने विचारलं.

"व्हय. मशीनला बी आराम लागतोच की, मावशी."

आई हसायला लागली. तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "काहून हसून राहिल्या?" त्याने मला विचारलं. आईच म्हणाली, "हिच्या बापाला कोणी सांगितलंच न्हाई बघा हे."

आता ती ओट्यापाशी खुर्ची टाकून बसते. मशीनच्या डोक्यावर हात ठेवते आणि ते कोमट लागलं की डाव्या हाताने बटण बंद करते. मी म्हणते, "आई, ऑर्डर द्यायची आहे, उशीर होतोय." ती म्हणते, "होऊ दे. तकलीफ होते तिला." मी थांबते. तुम्ही गेलात तेव्हा मी खूप रडले होते, आईने डोळ्याला पदरही लावला नव्हता. तेव्हा मला तिचा राग आला होता. आता येत नाही.

पण खरं लिहायचं तर परवाचंही लिहायला हवं. फाट्याकडची एक बाई डबा न्यायला आली. दारातच तिने एक नानकटाई तोंडात टाकली आणि म्हणाली, "बराबर तुझ्या बापाच्या हातची चव हाय गं." तुम्ही जन्मात परातीला हात लावला नव्हता. आई आत खुर्चीवर होती, मधलं दार उघडं होतं. मी म्हणाले, "व्हय, त्यांनीच शिकवलं." ती खूश झाली, लेकीच्या लग्नाची ऑर्डर देऊन गेली. मी आत गेले तर आई मशीनचं भांडं पुसत होती. तिने वर पाहिलं नाही.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही. आईला वाचता येत नाही. तिला वाचून दाखवावं असं वाटतं, पण मग हा परवाचा भाग गाळावा लागेल, आणि तो मी सहज गाळीन.