तिघींचा एकच जबाब

पिंपळखुटी, मंडल मुधोळ, जि. आदिलाबाद
१५ मार्च १९९२

चि. सौ. यशोधरा हिला डोमाजी मामाचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझं कार्ड तुरी सोंगायच्या दिवसांत आलं आणि उत्तर मी ज्वारीची खळी उरकल्यावर लिहितोय, ह्याबद्दल आधी माफी मागतो. कारणं पुष्कळ आहेत. चष्म्याची दांडी तुटली, ती मुधोळच्या घड्याळवाल्यानं तार लावून बसवली, आणि तेव्हापासून मला प्रत्येक ओळ डावीकडून वर चढलेली दिसते. (हे पत्र तिरपं वाटलं तर दोष त्या घड्याळवाल्याचा.) मधे गुडघा धरला होता. पोस्टातली आंतरदेशीय पत्रं संपली होती. ही सगळी कारणं खरी आहेत, पण ह्यातल्या एकाही कारणानं इतका उशीर होत नाही, हे तुलाही कळतं आणि मलाही. बाळाचं पोट आता ठीक असेल. जावईबापूंचा खोकला गेला का? तू बाळंतपणानंतर फार लवकर कॉलेजात उभी राहून शिकवायला लागलीस, कंबर सांभाळ. तुझ्या आईनं हेच लिहिलं असतं. ती नाही म्हणून मी लिहितो, आणि मामानं असं लिहायचं असतं की नाही ह्याचीही काळजी करतो.

तुझ्या कार्डावर तीनच ओळी होत्या. लेख परत आला. गावातल्या तिघी जणी अक्षर न चुकता सारखंच गायल्या, म्हणून तपासणाऱ्यांना शंका आली. मामा, हे असं कसं झालं. चौथी एखादी ओळ रागाची असती तर मला बरं वाटलं असतं. तू रागावली नाहीस, तेव्हापासून मला जेवण उतरत नाही.

बाई, हे असं झालं.

तू गेल्या वर्षी आलीस आणि हळदीची गाणी ऐकून वहीत उतरवून नेलीस, तेव्हा मी बाहेर ओट्यावर बसून अभिमानानं विडी ओढत होतो. तिघींनी तुला एकच गाणं तीन तऱ्हांनी सांगितलं. सुरुवात तिघींची एक: वरात आली दारात, काय विसरली गं, काय विसरली. पुढे सखूबाईच्या गाण्यात वरात वरमाईची नथ विसरते, जयवंताबाईच्या गाण्यात व्याह्याचे दात विसरते, आणि तुझ्या मामीची धाकटी बहीण चंद्रभागा, तिच्या गाण्यात वरात महसुलाच्या गिरदावराच्या बस्त्याखाली, म्हणजे कागदांच्या गठ्ठ्याखाली, नवराच विसरते. मला ते तेव्हाच खटकलं होतं. एक गाणं आणि तीन जबाब. पण तुला फार आनंद झाला, म्हणून मी दुसरी विडी पेटवली.

मग तू लेख लिहिलास, त्याची एक प्रत मला पाठवलीस, आणि तपासणाऱ्या विद्वानांनी काय म्हटलं तेही पाठवलंस. मी चौथीपर्यंत शिकलेला, तेही निजामाच्या राज्यात उर्दूतून. मराठी मी तुम्हा पोरांच्या पुस्तकांवरून शिकलो. तरी तो लेख मी महिनाभर वाचत होतो. ज्या घरच्या लग्नात जे उणं पडलं ते त्या घरच्या गाण्यात शिरतं, असं काहीतरी तू म्हटलं होतंस, एवढं कळलं. तपासणाऱ्यांचं मात्र सगळं कळलं, कारण त्यांची भाषा आमच्या चावडीसारखी होती. तिन्ही पाठांत इतका फरक कसा, हे कानानं ऐकून लिहिलेलं आहे, ध्वनिमुद्रणाचा पुरावा जोडावा, आणि बस्त्याखाली नवरा ही ओळ विश्वसनीय वाटत नाही. (ही माणसं आपलं नाव सांगत नाहीत, आणि लिहिणाऱ्याचंही नाव त्यांना कोणी सांगत नाही, हे तू मला समजावलं होतंस. मला ते पटलं नाही. आमच्याकडे निनावी अर्ज आला की गिरदावर त्यावर पानाची पिंक टाकायचा. तुमच्याकडे निनावी शेऱ्यावर पोरीची नोकरी कायम व्हायची थांबते.)

आता तूच विचार कर. माझी सारी उमर चावडीच्या दारात गेली. सेतसिंधी म्हणजे गावाचा हरकाम्या. पटवारी बसला की आपण उभं राहायचं, गिरदावर आला की त्याच्या कागदांचा बस्ता डोक्यावर घेऊन पुढे चालायचं, आणि पंचनामा असला की साक्षीदार गोळा करायचे. त्यात मी एकच गोष्ट शिकलो. एकानं बैल तांबडा सांगितला आणि दुसऱ्यानं बांडा, की बैल कोणाचा हा सवालच राहायचा नाही, दोघंही खोटे ठरून घरी जायचे. म्हणून पंचांना आधी पिंपळाखाली बसवून, बाबांनो बैलाचा एक रंग ठरवा, असं सांगणं हे माझं काम होतं. कित्येक खऱ्या माणसांची मी अशी सोय लावली आहे.

तेव्हा तुझं पत्र आलं की मी बाळंतीण आहे, माझ्या बदली कॉलेजातले नागोराव सर टेप घेऊन येतील, तिघींना एकत्र बसवून ठेवा. मी काय करणार होतो? मी तिघींना एकत्र बसवलं. जरा आधीपासूनच बसवायला लागलो, एवढंच. सखूबाई सगळ्यांत वडील, म्हणून तिची नथ कायम धरली. दात आणि नवरा काढून टाकले. जयवंताबाई उसळली. "माह्या घरच्या व्याह्याचे दात तुमाले काऊन खुपून राह्यले, डोमाजीभाऊ? तुमचे तं न्हाई ना नेले त्यानं?" मी सांगितलं की बाई, ही पोरीच्या नोकरीची तहकीकात आहे, दातांचं नंतर पाहू. सखूबाई म्हणाली, "गाऊन टाका ना. आमाले कोठं इनाम भेटून राह्यलं." चंद्रभागा जे म्हणाली ते खाली लिहितो, जागा उरली तर.

नागोराव सर आले. सज्जन माणूस. आरटीसीच्या सरकारी मोटारीतून उतरल्यावर आधी स्वतःची चप्पल झटकली आणि मग मला नमस्कार केला. तिघी जणी अशा गायल्या की शाळेत प्रार्थना म्हणतात तशा. एकीचा श्वासही दुसरीच्या पुढे गेला नाही. मी दाराआड उभा राहून बोटांवर ओळी मोजत होतो, कोणी चुकत तर नाही. सर म्हणाले की असं मी कधी ऐकलं नाही. मला वाटलं की ही तारीफ आहे. मी त्यांना आग्रहानं दुसऱ्यांदा भाकर वाढली. त्यांनी ती टेप, वेळ थोडा आहे म्हणून, तुला न ऐकवता सरळ मासिकाला पाठवून दिली.

पुढचं तुला माहीत आहे. लेखात तीन तऱ्हा आणि टेपवर एकच. म्हणजे लिहिणारीनं बाकीच्या दोन मनानं रचल्या, असा त्या निनावी साहेबांनी अर्थ काढला. माझ्या भाचीला लबाड ठरवलं, आणि तेही माझ्या दाराआड उभं राहण्यामुळे. नागोराव सरांनी मला नंतर लिहिलं की लोकांच्या तोंडची गाणी सारखी नसणं हीच त्यांच्या जिवंतपणाची खूण असते. हे कोणीतरी मला आधी सांगायला हवं होतं. तू बहुधा सांगितलंही असशील. मी विडी ओढत असेन.

इथेच थांबलो असतो तर एकाच चुकीची माफी मागावी लागली असती. पण मला वाटलं की आपण बिघडवलं ते आपणच निस्तरावं. म्हणून मी मासिकाच्या संपादकांना रजिस्टर पत्र धाडलं. वर लिहिलं, नाव न सांगणाऱ्या साहेबांच्या सेवेशी. आत लिहिलं की आम्ही खाली सही-अंगठा करणार असे लिहून देतो की, गाणी पूर्वी तीन तऱ्हांची होती, ती मी एक केली, आणि लेख लिहिणारी यशोधरा ही माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी असून लहानपणापासून खरं बोलणारी आहे. खाली तिघींचे अंगठे घेतले. (सखूबाईनं विचारलं की आता काय विकून राह्यलास.) पत्र टाकून घरी आलो आणि कितीतरी दिवसांनी शांत निजलो. तुझं नाव त्या साहेबांपासून लपवून ठेवायचं असतं, हे मला सकाळी तोंड धुताना आठवलं.

गेल्या आठवड्यात सखूबाईच्या नातीला हळद लागली. लग्नं आता आपल्याकडे बुद्धवंदना घेऊन लागतात, पण हळदीला बाया गातातच. सखूबाईनं नथ सुरू केली. जयवंताबाईनं तिच्यावर आवाज चढवून दात काढले. आणि चंद्रभागा, जी मागच्या वेळेपासून माझ्या अंगणातून जायचंही टाळते, ती चुलीजवळून उठून आली आणि माझ्याकडे पाठ करून नवऱ्याची ओळ गायली, सगळी, खणखणीत. तिघींच्या तीन तऱ्हा एकाच मांडवात. कोणाचं कोणाला ऐकू येत नव्हतं. मी एकटाच ऐकत बसलो होतो आणि माझ्याजवळ टेप नव्हता.

झालं ते असं. तुझी नोकरी कायम व्हायच्या आड मी आलो, ह्याचं मला फार वाईट वाटतं. मोठ्यांना नमस्कार, बाळाला पापा.

तुझा चुकलेला मामा,
डोमाजी

ता. क. संपादकांचं एक कार्ड माझ्या पत्त्यावर आलं आहे, ते ह्या पाकिटात घातलं आहे. पाकीट टाकून देण्याआधी झटकून पाहा. त्यात लिहिलं आहे की, तुमच्या पत्रामुळे लेखिकेचं नाव उघड झाल्यानं पूर्वीच्या तपासणाऱ्यांना आता मत देता येणार नाही. नवं ध्वनिमुद्रण एप्रिलअखेर पाठवल्यास लेख दुसऱ्या दोघांकडे जाईल. मी ते पाच वेळा वाचलं. माझ्या घोटाळ्यातून चांगलं काही निघतं ह्यावर विश्वास बसेना, म्हणून ते कार्ड मी संक्रांतीपासून भिंतीतल्या दिवळीत ठेवून दिलं होतं. उशिराचं खरं कारण हे.

ता. क. दुसरा. चंद्रभागा काय म्हणाली ते राहिलं. ती म्हणाली, "भाऊजी, बहीण तं गेली माही. आता तिचं हसनंबी पुसून टाकता का?" बाई, ती ओळ मी जबाब जुळावा म्हणून काढली नव्हती. तो बस्त्याखालचा नवरा मी आहे. माझ्या लग्नाच्या दिवशी गिरदावर गावात आला. सेतसिंधीला, त्यातून आपल्या जातीच्या सेतसिंधीला, नाही म्हणायची सोय नव्हती. हळदीच्या अंगानं बस्ता डोक्यावर घेऊन मी त्याच्या घोड्यापुढे तीन गावं फिरलो आणि वरात माझ्याशिवाय नवरीच्या दारात जाऊन उभी राहिली. तिकडच्या बायांनी तिथल्या तिथे ओळ रचली. पुढे उमरभर मला घरी यायला उशीर झाला की तुझी मामी पंचफुला भाकरी थापता थापता तीच ओळ गुणगुणायची, आणि मी दरवेळी चिडायचो. ती गेल्यावर मला वाटलं होतं की आता कोणी गाणार नाही, बरं झालं. तसं बरं काही झालं नाही. तू लेखात लिहिलं आहेस की गिरदावर हे महसुली सत्तेचं प्रतीक आहे आणि ओळीचा उगम सापडत नाही. उगम हे पत्र लिहितो आहे. गिरदावर प्रतीक वगैरे नव्हता, चांगला दोन मणांचा माणूस होता आणि त्याला तंबाखू माझ्या पैशानं लागायची. हे सगळं लेखात घाल, नवऱ्याचं नाव तेवढं घालू नकोस. तपासणाऱ्यांना नाव लपवता येतं तर मलाही येऊ दे.

ता. क. तिसरा, आणि मुद्द्याचा. टेप घेऊन तू स्वतः ये, दुसऱ्या कोणाला पाठवू नकोस. तिघींचं भांडण अजून चालू आहे, म्हणून तिन्ही तऱ्हा शाबूत आहेत. जन्मभर मी लोकांची तडजोड करत आलो, पण सध्या जयवंताबाईनं काय म्हटलं ते थोडं वाढवून सखूबाईला सांगतो आणि सखूबाईचं थोडं वाढवून चंद्रभागेला. ह्या वयात हे काम झेपत नाही. शिवाय काल तिघी एकाच ओट्यावर बसलेल्या दिसल्या. सगळा दोष डोमाजीचा, ह्या एका बाबतीत त्यांचं एकमत झालं आहे आणि ते वाढत चाललं आहे. तरी कोणत्या मोटारीनं येतेस ते लगेच कळव. मी थांब्यावर उभा राहीन, आणि तू गाणी घेत असताना मुधोळला जाऊन बसेन.