चौक नको, दुसरं काहीतरी

बाई, तुम्ही आमचं गाव सोडून गेलात तेव्हा मी मॅट्रिकही झाले नव्हते. आता आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि मी खोडाळ्याला शिकवते. शनिवारी दुपारी शाळेच्या मागच्या भिंतीला शेण-गेरू लावते, बायका जमतात, चित्रं काढतात. कुणी विचारलं तर सांगते, चारजणींनी मिळून काही काढलं की मनावरचं ओझं हलकं होतं. वाक्य पुस्तकी वाटतं, पण मी ते जव्हारजवळच्या आपल्या शाळेच्या ओट्यावर घडताना पाहिलंय.

संस्थान विलीन झालं, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी तुम्ही प्रौढ बायकांचा वर्ग घ्यायला आलात. त्याच उन्हाळ्यात बाबा गेले होते. आई त्याआधी गावोगावच्या लग्नांत भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवीचा चौक काढायला जायची. पण तो मान सवाशिणींचा. विधवेनं त्या पिठाला हात लावायचा नाही. आधी तिचे हात थांबले, मग बोलणंही. मी तिला ओढत वर्गाला आणायची, ती खांबाला टेकून बसायची. पाटी कुणीच धरेना, तेव्हा तुम्ही भिंत सारवून घेतलीत, तांदळाचं पीठ कालवून ठेवलंत आणि उत्साहानं म्हणालात, "चला, लग्नातला चौक काढा!"

मग शेजारची काकू म्हणाली, "बाई, कोनाचं लगीन हाय इथं? तुमचं?" ओटाभर हसू फुटलं. "चौकात देवी येऊन बसते. तिला नवरा-नवरी कुठनं दावाल?"

तुम्ही ओशाळलात. "मग चौक नको. दुसरं काहीतरी काढा."

चौक नाही, तर सवाशिणीची अटही नाही. हे तुमच्या ध्यानात होतं का, कोण जाणे. अजून डोळ्यांपुढे आहे: बायका काड्या घेऊन भिंतीशी बसल्या आहेत. आई खांबापासून उठते, वाडग्यात बोट बुडवते आणि तुमच्याकडे बघून म्हणते, "पीठ लई पातळ केलंस, बाय. ओघळंल."

मी रडतच तिला बिलगले, "आई, अजून बोल ना!" तुम्ही मला दटावलंत, "तिला काढू दे. तू पाट्यावर तांदूळ वाट." काकूनं सरकून जागा दिली. कुणी काही विचारलं नाही. घरी जाताना आई वाटभर हसत होती. काकूच्या चित्रातल्या कोंबडीला तीन पाय झाले होते.

लग्नघरी ती अजूनही चौकाच्या खोलीबाहेरच बसते. मी भांडायला उठले की म्हणते, "लई शिकलीस. बस खाली." शनिवारी मात्र सगळ्यांआधी येते.

हे टपालात टाकायचं नाही, म्हणून लिहिते. तुमचे उपकार मी सगळ्यांना सांगते, आणि ते खरेच आहेत. पण इतक्या महिन्यांनी आई बोलली ती तुमच्याशी. पहिला शब्द तिनं माझ्याशी बोलायला हवा होता, असं मला अजून वाटतं.