दादाचं ‘हं’

नेर, ३ नोव्हेंबर २०२५

चि. मैत्रेयीस उर्वशीआत्याचा जय भीम आन् आशीर्वाद.

तू धाडलेली तबकडी पोचली, पण तिच्यात माहा भाऊ नाही. कुठी ठेवला त्याले? फोनवर तू मधातच कापतं, म्हणून लिवून राह्यली.

अडतीस वर्सांआधी तुह्या बापानं मुंबईत स्वतःच्या नावाची जॅझची तबकडी काढली. पियानोवर जमीर, माणसाएवढ्या उभ्या बास व्हायोलिनवर आणखी एक जण, पण म्होरक्या ड्रमवाला, आपला धम्मरत्न. आता तबकडीवाली कंपनी तीच तबकडी जाड, महाग करून पुन्हा काढून राह्यली, चांगली गोष्ट हाय. नमुना पोळपाटासारखा जड लागला. तो आन् घरची जुनी, दोन्ही घेऊन मी मुख्तारभाईच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेलती. जुनी लावली. खरखर होती, पण दादा होता. वाजवता वाजवता तो मधातच ‘हं’ करते ना, ते. मंग नवी लावली. काचेसारखी साफ. जमीरचं नख पट्टीवर लागलेलं आयकू येते, पण दादाचं ‘हं’ एकबी नाही. मुख्तारभाईनं दोनदा सुई पुसली, बिचाऱ्याले वाटलं त्याचीच चूक.

दादाले जाऊन अकरा वर्सं झाली. तवा आपल्याकडं कोणाजवळ व्हिडिओवाला फोन होता? त्याचा आवाज दुसरा कुठीच नाही. ज्या शहाण्यानं ते काढलं त्याचं नाव कळव, मी पाहते त्याच्याकडं.

जेवत जा. माया राहू दे.

तुही आत्या,
उर्वशी

पुणे, ९ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास मैत्रेयीचा सादर जय भीम.

तो शहाणा म्हणजे मी. कंपनीवाले नकोच म्हणत होते. मूळ टेपला हात लावलेला शौकिनांना चालत नाही, त्यांना वादकाचा श्वाससुद्धा हवा असतो. पण बाबांचे हक्क माझ्याकडे, म्हणून मीच हट्टानं एकेक ‘हं’ पुसून घेतलं. सेहेचाळीस होती.

आत्या, बाबांचे शेवटचे पाच आठवडे दवाखान्यात मी एकटी होते. प्रत्येक श्वासाला हाच आवाज यायचा. पुढचा येतो की नाही, मी मोजत बसायचे. एके सकाळी आला नाही. स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर ते ऐकलं आणि मी चप्पल न घालताच बाहेर आले. लोकांनी विकत घेऊन त्यांची धाप ऐकावी, हे मला सोसवत नाही. १ डिसेंबरला छपाई सुरू होईल. तोवर बदलता येतं, पण मी सांगणार नाही.

रागावू नकोस. तू पाठवलेलं तिखट संपलंय, भांडलीस तर मागू कुणाकडे?

तुझी,
मैत्रेयी

नेर, १४ नोव्हेंबर २०२५

चि. मैत्रेयीस जय भीम.

पत्र वाचलं. तू तिथं एकटी होती, हे माहं चुकलं. कापूस वेचणी होती, उद्या जाते, परवा जाते करत राह्यली. माफ कर. पण आता आयक.

तबकडीतली ती धाप नोहे. तवा तो चोवीस वर्साचा होता. आमची मा रुखमाबाई तिखट कांडे, तवा एका उखळावर दोघं जण मुसळ चालवत. मा आन् दादा, मा थकली की मी. मुसळं एकमेकांवर आदळू नाही म्हणून ज्याचं मुसळ वर गेलं तो ‘हं’ म्हणे. म्हणजे माहं झालं, आता तू टाक. दादाले तीच सवय लागली. ड्रमवर बसूनबी तो जमीरले जागा देते. त्याचं ‘हं’ झालं की मंगच जमीरचं बोट पडते. नव्या तबकडीत जमीर येते, पण त्याले कोणी बोलावलंच नाही.

दुकानात जुनी वाजे तवा माहा हात आपोआप वर जाये. नवी लावली आन् हात मांडीवरच राह्यला.

दवाखान्यात तो काय म्हणे, मले मालूम नाही. मी नव्हती तिथं. इथं मात्र तो बोलावते.

जुनी तबकडी संगं पाठवते. माह्याजवळ एकच होती, जपून काढ. तिखटबी हाय, एकटीनं कांडलं, जाडंभरडं झालं. आयक, आन् मंग सारे सेहेचाळीस वापस घाल, नाही तर तोंडावर नाही म्हण. पण मंगळवारी, २५ तारखेले, तुहं उत्तर माह्या हातात पाहिजे. माहं सांगून झालं.

हं.

उर्वशी