अर्धा आड

३ मार्च, सोमवार
गाडी ठरली. पांढरी, लहान. शोरूममधला मुलगा सगळं ह्यांनाच समजावत होता. मी म्हणाले, चालवणार मी आहे, मला सांग. तो ह्यांच्याकडे बघायला लागला, हे छताकडे.
पाडव्याला घरी आणायची.
संध्याकाळी प्रशांतचा पुण्याहून फोन. ‘आई, या वयात गाडी शिकतेस?’ शिकायच्या वयात तुझ्या ट्यूशनच्या वेळा सांभाळत होते, बाबा. आता तू मोकळा, मीही मोकळी.

५ मार्च
गायकवाड मास्तर शिकवतात. जन्म एस.टी. चालवण्यात गेला त्यांचा. मी सारखी गाडी बंद पाडते. म्हणाले, ‘बाई, क्लचवर एवढा राग धरू नका. त्यो काय तुमच्या वर्गातलं पोरगं हाय का?’ शाळा सुटून इतकी वर्षं झाली, तरी गावभर मी ‘बाई’च.
रस्त्यावर कोचिंगच्या पोरांचा लोंढा. पाठीवर दप्तर, कानात वायरी, हॉर्न कुणाला ऐकू येईना. किनवटपासून रेणापूरपर्यंतची पोरं आमच्या लातुरात डॉक्टर व्हायला आलीत. आमची मुक्तासुद्धा. लोक शिकायला लातूरहून पुण्याला जातात, प्रशांतची लेक पुण्याहून इकडं आली. अकरावीला आहे, आमच्याकडंच राहते.

८ मार्च
उदगीरला आक्काकडे जाऊन आले. एस.टी.ची पायरी चढता येईना. कंडक्टरनं दंडाला धरून वर ओढलं, पोत्यासारखं. वर मलाच म्हणतो, आज्जी, जपून.
आक्का आता अंथरुणावरच. बोलणं रंगात आलं की मी घड्याळ बघायला लागते, शेवटची गाडी चुकायला नको. लग्न झाल्यापासून आम्हा बहिणींचं प्रत्येक बोलणं एस.टी.नं तोडलंय. आज ती आईचं काहीतरी सांगत होती. बैलगाडीचं. राहिलं.
एवढ्यासाठीच गाडी पाहिजे. मिरवायलाही पाहिजे, नाही कशाला म्हणू.

१० मार्च
गाडी ठेवायची कुठं? गल्लीत नको. गल्ली म्हणजे पोरांच्या स्कुट्या, मेसचे डबेवाले, सामान उतरवणारे टेम्पो. पहिल्याच दिवशी ओरखडा.
कंपाउंडात जागा एकच, आडाची. आमचा आड म्हणजे अर्धा. मधली भिंत बरोबर त्याच्यावरून गेलेली, खाली कमान. अर्धा आमच्यात, अर्धा शेजारच्या शमीमआपांच्यात. दोन्हीकडं आपापला रहाट. आमचा बोअर घेतल्यापासून गंजलाय, त्यांचा अजून कुरकुरतो.
मिस्त्री म्हणाला, नुसत्या स्लॅबवर गाडी नको, भरवसा नाही, बुजवूनच टाका. हे लगेच, ‘आपल्या अर्ध्याचं काय करायचं ते आपण बघू.’
मीही हो म्हणाले. लिहून ठेवते, उगाच सगळं ह्यांच्या माथी नको.

१२ मार्च
मु.ला कळलं. ताटावरच सुरू झाली.
‘आजी, तुम्ही लोकांनी आधी जमिनीतलं पाणी उपसलं, आकाश तापवलं, आता आडपण बुजवताय. आणि कशासाठी, तर गाडी. आमच्यासाठी काय ठेवणार, पार्किंग?’
मी म्हणाले, तुझ्यासाठी तुझा बाप शिकवून ठेवला, तो पुरे.
ती उठून गेली. हे हसत होते. म्हणे आडात आहे तेच पोहऱ्यात येणार, कुणावर गेलीय ते बघ.
मोठी आलीय शिकवणारी. स्वतः आंघोळीला बसली की टाकी रिकामी. क्लासात एसी एवढा की मार्चात स्वेटर घालून जाते. आम्ही तीन भावंडं एका गोधडीत वाढलो. जन्मात विमान पाहिलं नाही. हिच्या जन्माआधीच आकाश मी तापवलं काय?
राग आला. अजून आहे.

१४ मार्च
बोअरनं उचकी दिली आणि थांबला. हवा नुसती. वरच्या खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या कोचिंगच्या मुली बादल्या घेऊन खाली. टँकर सांगितला, उद्या म्हणाला.
मु. बादली घेऊन आडाकडं बघत उभी. बोलली असती तर बरं झालं असतं.

१६ मार्च, रविवार
मु.नं आडावरची जाळी उचलून टॉर्च मारली. खाली पाणी आहे. चप्पल, नारळ, गणपतीचं कुठलंसं मखर, पण पाणी आहे. गच्चीवरचा पाइप गाळून यात सोडायचा म्हणते, पावसाळाभर. मग बोअरही जगेल. कागदावर चित्र काढून दाखवलं. पोरीचं चित्र चांगलं आहे. ह्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, गाडी कुठं दाखवलीस यात?
तिनं गाडी गल्लीत काढली होती. गटारावर.

१९ मार्च
कोपऱ्यावरचं जुनं घर पाडून होस्टेल होतंय. मलबा टाकायला जागा नाही म्हणून ट्रॅक्टरवाला विचारत आला. ह्यांना आनंद, आयतंच भरण मिळालं. फाटकाजवळ ढीग ओतून गेला. दगड, माती, कुणाच्या तरी देवघराचा कोनाडा अख्खाच्या अख्खा.

२१ मार्च
आज गडी लावून ह्यांनी सुरुवात केली. ‘फक्त आपल्या अर्ध्यात टाका,’ असं बजावून सांगितलं. गडी शहाणा, टोपल्या ओतायला लागला. मी ओट्यावर उभी. दगड आमच्या बाजूनं पडत होते, आवाज तिकडून येत होता.
जरा वेळानं कमानीतून शमीमआपांचा रहाट वाजला. मग थांबला. पोहरा वर आला असणार. त्यांचा रोजा चालू आहे, नमाजाआधी हातपाय धुवायचं, वजूचं पाणी त्या आडातूनच काढतात, नळाचं नाही चालत त्यांना मनाला.
मी ह्यांना म्हणाले, थांबवा. हे म्हणाले, का? मी गड्याला चहा दिला आणि उद्या ये म्हणाले.
उद्या येऊ नको असं नाही म्हणाले.

२२ मार्च
गडी आज फिरकला नाही. संध्याकाळी शमीमआपांच्या सुनेनं इफ्तारीचं ताट आणून दिलं. दरवर्षीसारखं. खजूर, कलिंगड, भजी. वर तोच विणलेला रुमाल. आडाबद्दल एक अक्षर नाही.
शिव्या दिल्या असत्या तर खाता तरी आलं असतं. ताट मु.पुढं सरकवलं. ‘गिल्ट येतंय का?’ म्हणाली. आगाऊ. पण डोळे तिचेही ओले होते, का मिरचीनं कोण जाणे.

२३ मार्च
ताट रिकामं कसं परत द्यायचं? पुरणपोळ्या ठेवल्या. कमानीपाशी गेले. शमीमआपा पलीकडं रहाटाशी बसलेल्या.
म्हटलं, आपा, चुकलं. पाणी गढूळ झालं ना?
म्हणाल्या, ‘बसंल खाली दोन-चार दिवसांत. पन बाई, एक सांगू का? पानी कुटं आरदं ऱ्हाते? तुमच्यात टाकलं ते माझ्यातच आलं की.’
मी ताट कमानीतून पुढं केलं. मग त्याच म्हणाल्या, ‘गाडी मातर घ्याच. माझ्यानं तर ह्या जन्मात झालं न्हाई. तुमी चालवा, म्या बसते.’
दोघी हसलो. मला रडू येत होतं, ते हसण्यात खपून गेलं.

२४ मार्च
सकाळपासून भूकंपाचेच दिवस आठवतायत. ही मधली भिंत तेव्हा पडली होती, आड मात्र जसाच्या तसा. नळ बंद. आख्खी गल्ली ह्याच आडावर, रहाट दिवसभर थांबत नव्हते. शमीमआपा तिकडून ओढायच्या, मी इकडून, मध्ये भिंत नाही, बोलतच असायचो. भिंत पुन्हा उभी राहताना गवंडी म्हणाला, आड भिंतीखाली घेऊन झाकून टाकतो, आड खचायची लोकांची भीती जाईल. तेव्हा ह्यांनीच आपांच्या मालकांबरोबर उभं राहून कमान सोडायला लावली होती. ‘उद्या पोरांनी पाणी कुठनं प्यायचं?’ असं म्हणाले होते. प्र. तेव्हा किती लहान.
त्या भूकंपानं आम्हाला दोन उलट्या गोष्टी शिकवल्या. उद्याचा भरवसा नाही, म्हणून आजच खाऊन घ्या. आणि उद्याचा भरवसा नाही, म्हणून पोरांसाठी ठेवा. आम्ही दुसरीच धरून जगलो. आत्ता कुठं पहिली करावी म्हटलं, तर नात आडवी आली.

२५ मार्च
ह्यांना कमानीची आठवण करून दिली. बराच वेळ पेपर उलटा-सुलटा करत बसले. मग म्हणाले, ‘मी तेव्हा तरणा होतो, उदार व्हायला काय जातंय. आता मला सावलीतली गाडी पाहिजे.’
मलाही पाहिजे. खरं तेच बोलले बिचारे.
गड्याला पाडव्यानंतर ये म्हणून सांगितलं.

३० मार्च, पाडवा
गाडी आली! गुढीशेजारी उभी करून हार घातला. लिंबू चिरडलं. मु.नं तोंड फुगवूनच फोटो काढले, पण पन्नासेक तरी काढले असतील.
ठेवली गल्लीतच. एक चाक गटाराच्या फरशीवर. हे दर पाच मिनिटांनी खिडकीत.

३१ मार्च, ईद
शीरखुर्मा. शमीमआपांना पुढच्या सीटवर बसवून मी गल्लीच्या टोकापर्यंत नेलं, मागं हे, ब्रेक आपल्याच पायाखाली असल्यासारखे. आपांनी पूर्ण वेळ डॅशबोर्ड धरून ठेवला होता. उतरल्यावर म्हणाल्या, लई गार हवा येती. ओरखडा आलाच, कुणाच्या तरी स्कुटीचा.

६ एप्रिल, रविवार
उदगीर. मी चालवत. एल चिकटवलेला, शेजारी हे, मागं मु. ट्रकवाल्यांनी हॉर्नचा धिंगाणा केला, मी सरकले नाही.
आक्काच्या उशाशी बसले. उन्हं उतरली तशी तीच सवयीनं म्हणाली, ‘उठ आता, गाडीचा टाइम झाला नव्हं?’
म्हटलं, आक्का, गाडी माझी हाय. ती थांबती.
ती बघतच राहिली. मग ते राहिलेलं सांगितलं. माहेरी जाताना आई बैलगाडीचा कासरा स्वतः धरायची. बैल तिचंच ऐकायचे. गाव दिसायला लागलं की कासरा बाबांच्या हातात द्यायची आणि पदर घेऊन मागं जाऊन बसायची. मी सांगून कुणाला पटलं नसतं, आक्का म्हणाली, तू तेव्हा कडेवर होतीस.
या एका गोष्टीसाठी दहा आड बुजवले असते मी. असं तिथं वाटलं. वाटलं ते लिहिते.

७ एप्रिल
काल परतताना मु. मागं लोळत होती. एसी आणखी वाढव म्हणाली. मी आरशात बघितलं, तर हसायला लागली. मग बराच वेळ बाहेर बघत होती. नदीवरच्या पुलाखाली नुसती वाळू.
म्हणाली, ‘आजी, मला अठरा झाली की ही शिकवशील? नंतर माझीच होणार ना ही?’
म्हटलं, होईल. आणि आड?
‘तोपण मलाच पाहिजे. दोन्ही ठेव.’ असं म्हणून डोळे मिटले तिनं. झोपेत तोंड थेट प्र.च्या लहानपणासारखं.
आज सकाळी गडी येऊन गेला. मलब्याचा ढीग फाटकाशी तसाच आहे, गाडी गटारावर, आड उघडा. हे विचारतात, काय सांगू त्याला? मी म्हणाले, उद्या बघू.