बाबांच्या ऑर्गनचे सूर आणि देवरावांचे कान

ती. सौ. सिंधूताई वन्सं यांच्या चरणी चारुशीलेचा नमस्कार.

गजानन महाराजांच्या कृपेने आम्ही ठीक आहोत. तुमचा गुडघा आणि भावजींची शुगर कशी आहे ते कळवावे. (फोनच केला असता, पण तुमचे भाऊ स्पीकर लावायला लावतात.)

बाबांच्या शंभराव्या जयंतीला तुम्ही त्यांच्याच ऑर्गनवर भजन म्हणणार, म्हणून यांनी सदर बाजारातून दुरुस्तीवाल्या देवरावांना बोलावलं. ऑर्गन उघडला तर भात्यात उंदरांचं बाळंतघर, आणि त्यात बाबांची हरवलेली कवळी! (तेव्हा आपण भांडीवाल्या प्रयागबाईंवर संशय घेतला होता. बाई कवळीचं करणार काय, हे कोणालाच सुचलं नाही.) देवरावांनी भात्याला नवं चामडं लावलं (मी तेवढा वेळ देवघराचा पडदा ओढून ठेवला), आतले पितळी सूर, म्हणजे जिभळी असलेल्या बोटाएवढ्या पट्ट्या, काढून, एकेक कानाने जुळवून चादरीवर ओळीने मांडले आणि दोन दिवस लेकीकडे हिंगण्याला गेले. आल्यावर बसवले. त्यांना मोतीबिंदू आहे, सगळं काम बोटांनी आणि कानांनी.

मग यांनी थाटात आरती धरली. पहिल्या सुराला म्हैस हंबरली, दुसऱ्याला कुकरची शिटी झाली. तिसऱ्याला शेजारची शामला कांदा फोडून धावत आली, "काहून वं, भाऊजीले फिट आली का?" हे देवरावांवर असे ओरडले! देवरावांनी एकेक सूर पुन्हा ऐकला आणि हळूच म्हणाले, "डोळे गेलेच होते, आता कानबी गेले. धंदा बंद करतो." तेव्हापासून ते हत्यारांना गिऱ्हाईक शोधून राहिले आहेत. माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला जपा.
तुमची,
चारुशीला

ता. क. चादरीवरचं ते पितळ मीच चिंच-मीठ लावून घासलं. दारात पाडवा, आणि एवढं काळं पितळ डोळ्यांसमोर! जिभळ्या तर वाकवून वाकवून आतून घासल्या. मग पट्ट्या मापाने पुन्हा ओळीत लावल्या. देवरावांचे कान ठणठणीत आहेत.

ता. क. २. आज देवरावांकडे जाऊन खरं सांगून आले. ते खोकला येईस्तोवर हसले. "वहिनी, माहे कान शाबूत हायेत, मले बाकी काई नाई पायजे." हत्यारं विकणार नाहीत, उद्यापासून सूर पुन्हा लावतील.

ता. क. ३. एका दिवसात दोन ठिकाणी खरं बोलणं माझ्याने झालं नाही. यांना मी सांगितलं की चिंच लावायला, वन्सं, तुम्हीच सांगितलं होतं. (मोठ्या बहिणीपुढे यांचा आवाज चढत नाही, असा माझा समज होता.) पत्र पोचेपर्यंत यांचा फोन येऊन गेला असेल. जे ऐकून घेतलंत, त्याबद्दल वेगळा नमस्कार.